रक्त्याबोळाचा डाग

आमच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून फक्त पाय दिसायचे. पॅथॉलॉजी विभाग इस्पितळाच्या तळघरात, खिडकी फुटपाथच्या पातळीला आणि तिला जाड लोखंडी गज. चपला, बूट, अनवाणी हमाल, शाळकरी मुलींचे पांढरे मोजे. माणसं काय ती पोटऱ्यांपर्यंतच. त्यात एप्रिलचा उकाडा, आणि पंखा लावायची सोय नाही. मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्यातून कापलेले पापुद्रे इतके पातळ असतात की वाऱ्यानं उडून जातात. मग घाम पुसत बसायचं आणि मायक्रोस्कोपच्या नळीत डोळा घालायचा.

कलकत्त्यातली मराठी मंडळी मला ‘मुडद्यांची डॉक्टरीण’ म्हणत. खरं तर माझं बहुतेक काम जिवंत माणसांचं. सर्जन गाठीचा तुकडा कापून खाली पाठवतो, आणि तो कॅन्सर आहे की नाही हे मी बघून सांगते. पण हे किती जणींना समजावणार? चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेले की बायका वाटली डाळ अशा बेतानं वरून टाकायच्या की माझ्या बोटांना बोट लागू नये. मग मीही मुद्दाम ओंजळ चांगली पुढं करायची.

त्या आठवड्यात खाली आलेला तुकडा सुनीती सरंजामेच्या मांडीतला होता. वय सतरा. वडील सरकारी हिशेब खात्यात, नागपूरहून बदलून आलेले. बागबाजारला भाड्याच्या घरात राहायचे. आई कालिंदीबाई मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पाटपाणी बघायच्या. गणपतीत सुनीतीला मी लेझीम खेळताना पाहिलं होतं. दमून सगळ्या पोरी बसल्या तरी ही आपली उभीच.

स्लाइड वाईट होती. पेशी पिसाळलेल्या, लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, मधेमधे कच्च्या हाडाचे ठिपके. आमच्या मोठ्या साहेबांनी उभ्या उभ्या नळीत बघितलं, म्हणाले, “सार्कोमा. हाडाचा कॅन्सर. वृंदा, रिपोर्ट करून टाक,” आणि सुट्टीवर दार्जिलिंगला निघून गेले. सही माझी राहिली.

माझा हात काही उठेना. मुका मार लागून स्नायूत रक्त साकळलं आणि वर ते रगडलं गेलं, तर कधीकधी तिथं मांसातच हाड धरू लागतं. तशा गाठीच्या मधल्या पेशी हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात. कडेला मात्र चांगलं, शिस्तीत बसलेलं हाड असतं. आणि इथं तुकडा आला होता तो नेमका मधला. कड त्यात नव्हतीच. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, मार लागल्याचा इतिहास नाही.

सर्जन डॉक्टर भादुडींना मी म्हटलं, “सर, कडेचा तुकडा द्या.”

भादुडी मला लाडानं ‘बर्गी’, म्हणजे लुटारू मराठा, म्हणत. आमच्या भाऊबंदांनी दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटला त्याचा राग ते माझ्यावर काढायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी थट्टा केली नाही. “पोरीच्या आईला मी स्वतः विचारलंय. पडली नाही, धडपडली नाही. मार नाही तर सार्कोमाच. पुन्हा चाकू लावला तर आजार चाळवेल, फुप्फुसात जाईल. मग ती तुझ्याकडे मुडद्यांच्या टेबलावर येईल. बघणार आहेस?”

“आणि सार्कोमा नसला तर?”

“सोमवारी खुब्यापासून पाय काढतोय. त्याच्या आत सही हवी.”

मी खाली आले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सही केली आणि मी चुकले, तर पोरीचा चांगला पाय जाणार. थांबा म्हटलं आणि चुकले, तर पोर जाणार. रोज तीच स्लाइड लावायची, आणि काचेवर रोज तेच. समोर गजांपलीकडून लोक आपापल्या दोन पायांनी ट्रॅमकडे धावत होते. त्यांचा मला अकारण राग यायला लागला.

पॅथॉलॉजिस्टनं पेशंटकडे जायचं नाही, तोंड बघून काच वाचायची नाही, हा साहेबांचा नियम. शनिवारी मी जिना चढून वॉर्डात गेले.

मला बघून कालिंदीबाई खाटेपासून उठल्याच. त्यांच्या मनात काय आलं असेल ते कळत होतं. मुडद्यांची डॉक्टरीण लेकीच्या उशाशी! नर्स सुनीतीचे कपडे बदलत होती. काढलेला परकर खाटेच्या दांडीवर टाकलेला, आणि त्याच्या आतल्या बाजूला, मांडीच्या जागी, काळपट तांबडा डाग.

“हे काय?” मी नर्सला विचारलं.

“आलता, दीदी,” ती हसत म्हणाली. बंगाली बायका पायाला आलता लावतात, तिला दुसरं काय सुचणार!

आलता मांडीला कोण लावतं? मी परकर उचलून सरळ नाकाला लावला. धुऊन धुऊन फिका पडलेला, तरी तो कडवट वास जात नाही. माझे वडील सायकलवरून पडले की आई डब्यातला खडा काढून सहाणेवर उगाळायची, आंबेहळदीबरोबर.

“कालिंदीबाई, हा रक्त्याबोळ आहे. आपल्यात मुका मार लागल्याशिवाय कुणी रक्त्याबोळ लावत नाही. ही कुठं पडली?”

“कुठं पडली नाही.” त्यांनी परकर माझ्या हातातून काढून घेतला. “जुना डाग आहे. माझाच आहे परकर.”

सुनीती छताकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

“आठवून सांगा. फार महत्त्वाचं आहे.”

“सांगितलं ना, वृंदाताई! नाही म्हणजे नाही.”

माझं डोकं फिरलं. “मग सोमवारी हिचा पाय खुब्यापासून कापतील, तेव्हाही असंच नाही नाही म्हणत बसा!”

खाट करकरली. मी वळून पाहिलं आणि लक्षात आलं की पोरीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं चादरीखालून हात घालून मांडी धरली.

“आई,” ती म्हणाली, “सांग ना.”

कालिंदीबाई परकराची घडी घालत राहिल्या.

“आई, तू शपथ घातलीस म्हणून मी बोलले नाही. सांग ना त्यांना!” मग तीच माझ्याकडे वळली. “हावड्याला जेटीवर पडले मी. नावेत चढताना. लोखंडी काठ लागला इथं. होळीच्या आधी.”

“आणि मग?”

“मग आई रोज चोळायची. लेप लावायची नि चोळायची. मी ओरडायचे, तरी म्हणायची, गाठ मोडली पाहिजे.”

कालिंदीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. “भरती केलं त्याच दिवशी धाकट्या डॉक्टरांनी विचारलं, गाठ चोळली बिळली नाही ना? चोळलं की पसरते म्हणाले. माझ्या तोंडून नाही निघून गेलं. मग मोठ्यांनी विचारलं, मार लागला का. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तोच आला असता, घरी काय केलंत? ह्यांनी काय म्हटलं असतं? मीच पोरीला मारलं असं झालं असतं हो!”

म्हणजे ज्या गोष्टीनं लेकीचा पाय वाचणार होता, तीच ही बाई पदराखाली दाबून बसली होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही न करता मी भादुडींकडे धावले.

ते चरफडले, सुरुवातीला माझ्यावरच. पण माणूस हट्टी असला तरी आडमुठा नव्हता. सोमवारी त्यांनी पाय काढला नाही, कडेचा तुकडा काढला.

हाड असल्यामुळे तो तुकडा आम्लात मऊ करावा लागतो, घाई चालत नाही. ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. अखेर स्लाइड तयार झाली आणि मी नळीत डोळा घातला. आतल्या बाजूला तोच गोंधळ, पण कडेकडे जावं तसतसं हाड शहाणं होत गेलेलं. मी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग खुर्चीत बसून रडले आणि पहिल्यांदाच भर दिवसा पंखा लावला. टेबलावरचे कागद खोलीभर उडाले.

संध्याकाळी कालिंदीबाई तळघरात आल्या. आमच्यातली दुसरी कुठली बाई त्या जिन्यावरून कधी उतरली नव्हती. कापलेल्या अवयवांच्या बरण्यांकडे न बघता त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“कॅन्सर नाही ना?”

“नाही. पाय राहील. गाठ हळूहळू आटेल.”

“मग गाठ धरली कशानं? पडल्यानं, की...” त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. “मी चोळलं नसतं तर?”

रिपोर्ट लिहून लिहून मला एकच सवय लागलेली. विचारलं की आहे ते सांगायचं. “नुसत्या मारानं बहुतेक बरं झालं असतं,” मी म्हणाले. “चोळल्यानं वाढलं.”

त्यांनी मान हलवली, माझे उपकार मानले आणि जिना चढून गेल्या. थोड्या वेळानं खिडकीबाहेर त्यांचे पाय दिसले. जोडवी, नागपुरी लुगड्याचा काठ. ते पाय कुठंच जाईनात. बाकीचे पाय त्यांना वळसा घालून जात राहिले, आणि मी गजांच्या आत बसून बघत राहिले.

दिवाळीत, नरकचतुर्दशीला, सरंजाम्यांकडून बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. सूर्य उगवल्यावर आंघोळ करणारा नरकात जातो म्हणतात. माझी तिथली जागा मंडळींनी केव्हाच धरून ठेवली होती. सुनीती पाटावर बसलेली, पाय पुढं पसरलेले. चालताना किंचित अडायची, पण दोन्ही पायांवर चालायची. शेजारी तेलाची वाटी.

“वृंदाताई, तिला तेवढं तेल लावता?” कालिंदीबाई म्हणाल्या. “माझा हात नाही उठत.”

मुडद्यांच्या डॉक्टरिणीला अभ्यंगाचा मान! एरवी मी मनसोक्त हसले असते.

“मी नाही लावणार,” मी म्हटलं. “आई असताना परकीनं का लावायचं?” मी वाटी उचलून त्यांच्या तळव्यावर तेल ओतलं. धार ओघळायला लागली तशा त्या नाइलाजानं खाली बसल्या. पावलाला लावलं, घोट्याला लावलं, पोटरीला लावलं. गुडघ्यापाशी हात आला आणि तिथंच थांबला. जे बोलायचं ते मी तळघरात कधीच बोलून बसले होते.

सुनीतीनं परकर वर सरकवला. व्रण अजून लालसर होता. तिनं आईचं मनगट धरलं, हात वर ओढला आणि तळवा व्रणावर ठेवला.

“दाबू नकोस हं,” ती म्हणाली. “नुसता ठेव.”

कालिंदीबाई हुंदके देऊन रडायला लागल्या. पण हात त्यांनी काढला नाही.