मुठीवरची पुसलेली ओळ

मित्रांनो, मला पाहिलेत तर मी जुने आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझे अंग मोटारीच्या नव्या बंपरसारखे चकाकते. चक्र टकटक फिरते. घोडा मागे ओढला की जागच्या जागी बसतो. तरीही मी शंभरीला टेकलेले रिव्हॉल्वर आहे आणि आज मला कोणी हिंग लावून विचारत नाही. हे कसे झाले ते सांगते.

मी बेल्जियममधल्या एका कारखान्यात तयार झाले. तेव्हा मी काळेभोर होते आणि माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती. एका तुर्की कप्तानाने मला कमरेला लावले आणि तो येमेनच्या डोंगरात लढायला आला. त्याचे सैन्य मागे हटले तेव्हा तो तापाने फणफणत मागेच राहिला. शत्रूच्याच गावात, मुसइद नावाच्या शेतकऱ्याच्या दारात तो कोसळला.

सगळे गाव दाराशी जमले. "बाहेर काढ त्याला!" लोक ओरडले. मुसइद उंबऱ्यावर आडवा बसला. म्हणाला, "माझ्या घरची ज्वारीची भाकरी त्याच्या पोटात गेली आहे. आता तो माझा पाहुणा. त्याच्याकडे जायचं तर आधी मला ओलांडा."

चाळीस दिवस तो तिथे बसला. कोणी त्याला ओलांडले नाही. कप्तान बरा झाला आणि जाताना मला मुसइदच्या हवाली करून गेला. त्याआधी गावातल्या यहुदी सोनाराकडून त्याने माझ्या मुठीच्या पाठीवरच्या लोखंडी पट्टीत एक ओळ कोरून घेतली. "दार उघडणाऱ्या मुसइदला. हिजरी सन १३२९." तुमच्या हिशेबाने १९११.

त्या घरात कोणालाही वाचता येत नव्हते. पण घरातल्या प्रत्येकाचा अंगठा ती ओळ ओळखत होता.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी खूप माणसे मारली असतील. माणसावर मी एकदाच झाडले गेले, आणि तेही चुकले. माझे खरे काम खुंटीवर टांगून राहण्याचे होते. त्या डोंगरात भांडण झाले की दोन्ही बाजू आपली शस्त्रे शेखकडे तारण ठेवतात. निवाडा होईपर्यंत शस्त्र शेखच्या खुंटीवर राहते आणि तोवर कोणी कोणावर हात उचलत नाही. मुसइदच्या घराने दरवेळी मला एकट्यालाच पाठवले. शेख माझ्या मुठीवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "पुरे. मुसइदचा शब्द आला."

मग चांगले दिवस संपले. एका लग्नात हवेत बार काढताना माझी स्प्रिंग तुटली. एक स्क्रू पडला, तो सापडलाच नाही. मुसइदच्या मुलाने तिथे खिळा ठोकला. त्याच्या मागे मुसइदचा नातू गालिब याने मला मेथीच्या डब्यात ठेवून दिले. पंधरा वर्षे मी मेथीत पडून होते.

गालिबचा मुलगा मुकबिल मालाचा ट्रक चालवायचा. शाळेत गेलेला तो त्या घरातला पहिलाच. एकदा वळणावर ट्रक मागे घेताना त्याने शेजारच्या दहानच्या शेताचा दगडी बांध पाडला. बांधाखाली दहानचा भाऊ सापडला आणि त्याच्या पायाचा चुरा झाला. दहानची माणसे बंदुका घेऊन धावली. शेख नाजी मध्ये उभा राहिला. म्हणाला, "दहा दिवस शांतता. दहाव्या दिवशी दोघांनी पाच-पाच बंदुकांच्या तोलाचं तारण आणायचं. जो आणणार नाही, त्याच्या वैऱ्याला मी आडवा येणार नाही."

याचा अर्थ लहान पोरालाही कळत होता. तारण नसेल तर मुकबिल रस्त्यावर मारला जाणार. गालिबकडे पाच बंदुका नव्हत्या. त्याने मेथीचा डबा उघडला.

बाजारात उस्ताद हादी हत्यारे दुरुस्त करायचा आणि त्यांची पारखही करायचा. त्याने मला नाकाशी धरले.

"गालिब, याला मेथीचा वास येतोय. भाजीत घालत होतास की काय?"

"थट्टा नको, उस्ताद. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

हादीने मला सोलून काढावे तसे खोलले. "स्प्रिंग मेलीय. चक्र ठरत नाही. आणि हा काय, घोड्याच्या नालाचा खिळा? कोणत्या गाढवाने ठोकला?"

"माझ्या बापाने."

"अल्ला त्याच्यावर दया करो. ठोकलाय मात्र घट्ट!"

मग त्याचा अंगठा माझ्या मुठीवर थांबला. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून त्याने हलकेच मळ काढला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. गालिबचे डोळे भरले.

"ऐक," हादी म्हणाला. "नुसतं लोखंड म्हणून याच्या बदल्यात कोणी एक बंदूकही देणार नाही. पण ही ओळ पाच बंदुकांना भारी आहे. शेख नाजीच्या बापाचा अंगठा हिच्यावरून फिरलाय, आजाचाही. स्प्रिंग मी बनवतो, खिळा काढून स्क्रू बसवतो. पुढे काही करू नकोस. हा काळेपणा गंज नाही, याचं वय आहे. तेलाचं फडकं फिरव, बस्स."

आठव्या दिवशी मला आणायला मुकबिल गेला, कारण गालिबचे गुडघे दुखत होते. "उस्तादने सांगितलंय, घासायचं नाही," गालिबने त्याला बजावले होते. मुकबिलने मान डोलावली. पण मला घेऊन तो थेट शहरात गेला. तिथे मोटारींच्या सुट्या भागांवर मुलामा चढवायचा कारखाना होता.

कारागीर प्रामाणिक होता. त्याने विचारले, "भाऊ, इथे काहीतरी लिहिलंय. राहू द्यायचं?"

मुकबिलने ती ओळ वाचली. त्या घरातल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी ती पहिल्यांदाच वाचली. वाचून तो म्हणाला, "हे तर आम्हाला पाठच आहे. असलं काळं भंगार नेलं तर दहानची माणसं हसतील. सगळं एकसारखं चमकव."

फिरत्या चाकावर माझे वय निघून गेले. त्याच्यासोबत मुसइदही गेला.

दहाव्या दिवशी शेखच्या बैठकीत दहानने पाच बंदुका ठेवल्या. गालिबने फडक्यात गुंडाळलेल्या मला तसेच शेखपुढे ठेवले. मुकबिलने बांधून दिलेले ते फडके त्याने उघडूनही पाहिले नव्हते. शेखने फडके सोडले. सवयीने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"गालिब, हे कुणाचं?"

"मुसइदचं, शेख."

"मुसइदचं मी आंधळा झालो तरी ओळखेन. हे ते नाही."

दहान हसला. "पाच बंदुकांपुढे आरसा आणलाय, शेख! ठेवून घ्या, दाढी करायला होईल."

बैठकीत हशा पिकला. गालिबने मला उचलले. त्याचा अंगठा ओळ शोधत राहिला. मग त्याने मुलाकडे पाहिले.

"बाबा, मला वाटलं…" मुकबिल पुटपुटला.

गालिबने कमरेचा पट्टा सोडला आणि पट्ट्यासकट आपला जंबिया, म्हणजे मानाची वाकडी कट्यार, शेखपुढे ठेवला. मित्रांनो, त्या डोंगरातला माणूस शेत विकतो, बैल विकतो, पण कमर उघडी करत नाही. दहानचे हसू थांबले. शेखने मान खाली घातली. "पुरे," तो म्हणाला. "तारण झालं."

मुकबिल वाचला. पण निवाडा लांबला. उघड्या कमरेने गालिब बाजारात गेला नाही, लग्नात गेला नाही, जुम्म्याच्या नमाजालाही गेला नाही. थंडीत तो वारला. त्याला कबरस्तानात नेले तेव्हाही त्याचा जंबिया शेखच्या खुंटीवरच होता. निवाडा त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. जंबिया घरी आला. मुकबिलने तो आजवर बांधलेला नाही. दुपारी तो मला हातात घेतो आणि त्याच जागेवरून अंगठा फिरवत बसतो. त्याला वाचता येते, मित्रांनो. तिथे वाचायला काही नाही.

तुमच्या घरातही असे एखादे काळवंडलेले, मोडके काही पडले असेल. मोडले असेल तर जरूर दुरुस्त करा. मेथीच्या डब्यात टाकू नका. पण चमकवण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात ते द्या आणि त्याचा अंगठा कुठे थांबतो ते बघा. तेवढी जागा सोडा.

माझ्यासाठी काही मागत नाही. मला घासू नका असे सांगण्यातही आता अर्थ नाही. घासून जाईल असे माझ्यावर काही उरलेले नाही.