हात लागलेलं पिल्लू

ते पत्र अकरा महिने माझ्या पक्ष्यांच्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. वहीच्या फाडलेल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं, नऊ वर्षांच्या मुलीचं पत्र. मला ते तोंडपाठ आहे.

'पानआजोबा, तुम्ही सांगितलं होतं की माणसाचा वास लागला की चिमणी पिल्लाला परत घेत नाही. आई गेली तेव्हापासून मावशीच मला न्हाऊ घालायची, वेणी घालायची. म्हणून आई येत नाही का? आता मी मावशीला हात लावू देत नाही. वेणी माझी मी घालते. आईचा एक साबण कपाटात राहिला होता, तो वापरते. पण तो आता छोटा झाला आहे. वास जायला किती दिवस लागतात? उत्तर पाठवा.'

खाली घराच्या नंबरासकट पूर्ण पत्ता.

पानआजोबा म्हणजे मी. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, "घरात बसून भिंतींना पुस्तकं वाचून दाखवू नका." तलावाकाठी एक कॅम्प आहे. उन्हाळ्यात तिथं कुटुंबं तंबू ठोकून राहतात आणि रोज सकाळी तासभर मुलांना झाडं, पाखरं, किडे दाखवायला कुणीतरी हौशी माणूस लागतो. मी नाव दिलं. झाडांची पानं ओळखायला शिकवतो म्हणून मुलांनी मला पानआजोबा केलं. बायको म्हणते, पुस्तकाचं पान उघडल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणून. तिचंच खरं असावं.

गेल्या उन्हाळ्यात ती मुलगी मावशीबरोबर आली होती. तिसऱ्या सकाळी भांडी धुण्याच्या शेडमध्ये, नळांच्या रांगेखाली, चिमणीचं पिल्लू पडलेलं दिसलं. अंगावर पीस नाही, चोच तेवढी मोठी. वर पत्र्याखाली घरटं होतं. मुलगी उकिडवी बसली आणि तिनं हात पुढे केला.

"हात लावू नकोस," मी म्हणालो.

"का?"

"माणसाचा वास लागला की आई त्याला परत घेत नाही."

"धुतलं तर?"

"धुऊनही जात नाही."

पहिली गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती आणि एका जुन्या पुस्तकात वाचलीही होती. दुसरी कुठंच नव्हती. ती मी पदरची घातली. एरवी प्रत्येक वाक्याला 'बहुधा' जोडणारा मी त्या दिवशी ठाम बोललो. दुपारपर्यंत पिल्लाला मुंग्या लागल्या होत्या.

कॅम्प संपल्यावर पंधरा दिवसांनी पत्र आलं. कॅम्पच्या पत्त्यावर आलेलं ते व्यवस्थापक बाईंनी मला आणून दिलं. मुलीची आई दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली, दुसऱ्या गावी तिनं दुसरा संसार मांडला आणि तिचा फोनही येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी वाचनालयात जाऊन तीन नवी पुस्तकं काढली. तिन्हींत एकच होतं: चिमणीला वासाची पर्वा नसते. पिल्लू उचलून घरट्यात ठेवावं, आई येते.

मग उत्तर लिहायला हरकत काय होती? हीच, की चिमणी येते असं लिहिलं तर हिची आई का येत नाही? माझ्या चुकीनं तिला निदान एक कारण दिलं होतं, आणि त्यावर साबणाचा इलाज तरी होता. ते कारण काढून घेऊन मी तिच्या हातात काय ठेवणार होतो?

"लिहिलंत का?" बायको विचारायची.

"मायना झालाय."

"मायना होऊन महिना झाला. चुकलं म्हणून लिहा की. लोकांच्या चुका समासात लिहिताना बरा चालायचा हात."

मी हसायचो आणि पुस्तक मिटायचो.

यंदा बायकोही माझ्याबरोबर कॅम्पवर राहायला आली होती. पहिल्याच दिवशी मी मुलांची यादी दोनदा वाचली. व्यवस्थापक बाईंच्या लक्षात आलं.

"तिला शोधताय? नाही येणार ती. मावशीचा फोन आला होता. पोरीनं गेल्या महिन्यात स्वतःच्या हातानं केस कापले. कुणी विंचरायलाच नको म्हणून. मावशी रडत होती. विचारत होती, कॅम्पवर काही झालं होतं का? मी म्हटलं, छे हो, आमचे आजोबा मुंगीलासुद्धा वाट देऊन चालतात."

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, मलाच ठाऊक नाही.

चार दिवसांनी त्याच शेडखाली पुन्हा एक पिल्लू पडलं. मी शिडी आणायला सांगितली. एक मुलगा गेल्या वर्षीचा होता. तो म्हणाला, "आजोबा, हात लावायचा नाही ना?"

"गेल्या वर्षी मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो.

पिल्लू तळहातावर घेतलं. गरम होतं, आणि त्याला वजनच नव्हतं. शिडीच्या चौथ्या पायरीवरून ते घरट्यात ठेवलं आणि आम्ही सगळे लांब बाकावर जाऊन बसलो. चाळीस मिनिटांनी चिमणी चोचीत हिरवी अळी घेऊन आली आणि सरळ आत शिरली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी खाली बघत बसलो. इतकं सोपं होतं ते.

त्याच दुपारी तंबूतल्या घडीच्या टेबलावर उत्तर लिहिलं.

'बाळ, मी चुकलो. हात लागलेल्या पिल्लालाही चिमणी घेते. आज मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी तू हात पुढे केलास तेच बरोबर होतं. मी अडवलं म्हणून ते पिल्लू गेलं. तुझी आई का येत नाही, मला माहीत नाही. ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पण ते वासामुळे नाही, मावशीच्या हातामुळे नाही आणि तुझ्यामुळे नाही. एवढं मात्र मी "बहुधा" न लावता लिहितो. उशीर केला, त्याची माफी मागतो. केस वाढले की मावशीला वेणी घालू दे. साबण उरला असेल तर ठेवून दे, झिजवू नकोस. तुझा, पानआजोबा.'

एक शुद्धलेखनाची चूक राहिली होती. दुरुस्त केली नाही. केली असती तर पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसलो असतो.

फाटकाजवळच्या टपालपेटीपर्यंत बायको बरोबर आली. तिनं पत्ता वाचून पाहिला, तिकीट अंगठ्यानं दाबलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते पेटीत सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला, म्हणजे पेटी रिकामी होती.