न वाजलेला भोंगा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या कपाळावर कुंकवाचा एक डाग आहे. तुम्ही म्हणाल, संगणकाला कुठलं आलंय कपाळ? पण राधाकृष्ण अण्णांनी जिथे बोट टेकवलं, तिथेच माझं कपाळ झालं. तो डाग आता काळपट पडला आहे. सुकन्या माझ्यावरची धूळ पुसते तेव्हा तेवढी जागा सोडून पुसते. ती का सोडते, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. समज आली तेव्हा मी पुण्यातल्या एका कचेरीत होतो. तिथे माझ्यासारखेच आणखी दोघे होते. आम्ही इमानेइतबारे राबलो. मग नवे, देखणे संगणक आले आणि आम्हाला जिन्याखाली ढकललं गेलं. तिथे कोणी आमच्यावर छत्र्या ठेवत, कोणी रिकामे खोके. सुकन्या त्याच कचेरीत कामाला होती. ती घरून काम करायला गावी परत निघाली, तेव्हा तिने साहेबांना विचारून आम्हा तिघांना टेम्पोत घातलं. आम्हाला वाटलं, भंगारात चाललो.

पण टेम्पो थांबला तो नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका वाडीत. सगळीकडे ऊसच ऊस. उसाच्या सऱ्या थेट घरांच्या अंगणाला भिडलेल्या. आणि त्या उसात बिबट्या. दिवस मावळायला आला की वाडीतली माणसं लेकरांना हाका मारून घरात घेत आणि गोठ्याची दारं लावून टाकत. डेअरीचे चेअरमन राधाकृष्ण अण्णा म्हणजे सुकन्याचे चुलते. त्यांच्या गोठ्यातली दोन वासरं बिबट्याने ओढून नेली होती. त्या दिवसापासून अण्णांचं जेवणावरचं मन उडालं होतं. तुझ्या एवढ्या शिक्षणाचा वाडीला काही उपयोग आहे की नाही, असं त्यांनी पुतणीला विचारलं, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं.

तिने उसाच्या कडेला खांबांवर कॅमेरे बसवले. पाण्याच्या टाकीवर मोठा भोंगा चढवला. डेअरीच्या मागच्या खोलीत आम्हा तिघांना एका फळीवर ओळीने मांडलं. कॅमेऱ्यातली चित्रं आम्ही बघायची, बिबट्या ओळखायचा आणि भोंग्याला हुकूम सोडायचा. तिने आमची कामं वेगवेगळ्या डब्यांत भरली होती. तिच्या भाषेत त्यांना कंटेनर म्हणतात. जेवणाचा डबा जसा या हातातून त्या हातात देता येतो, तसे हे डबे या संगणकावरून त्या संगणकावर उचलून ठेवता येत. एक भाऊ आडवा पडला तर त्याचे डबे दुसऱ्याने उचलायचे, यासाठीच तर आम्ही तिघे होतो. खोलीत आम्हाला थोरला, मधला आणि धाकटा म्हणत. मी मधला.

आम्हाला बसवलं तो घटस्थापनेचा दिवस होता. मुहूर्त अण्णांनीच काढला होता. सगळी जोडणी झाल्यावर सुकन्याने आमची प्रकृती तपासायला घेतली. तिघेही जागे आहोत का, एकमेकांची हाक ऐकतो का, प्रत्येक डबा आपापल्या जागी चालू आहे का, सगळं तिने पाहिलं. आमचे तिन्ही दिवे हिरवे होते. मग तिने भोंगाही वाजवून बघितला. तो असा काही कोकलला की दुधाला आलेल्या बाया किटल्या टाकून बाहेर पळाल्या.

एकच तपासणी राहिली होती. थोरल्याची वायर उपटायची आणि तो बंद पडल्यावर आम्ही बाकीचे दोघे भाऊ काम निभावतो का, ते बघायचं. पण तेवढ्यात अण्णा ताट घेऊन आले. त्यांनी आम्हाला झेंडूच्या माळा घातल्या, कुंकू लावलं, नारळ फोडला. पुण्यातल्या कचेरीत आम्हाला कधी कोणी फुलाची पाकळी वाहिली नव्हती. खरं सांगतो, मित्रांनो, माझा ऊर भरून आला.

आरती संपली तशी सुकन्या थोरल्याच्या वायरीकडे वळली. अण्णांनी तिचा हात धरला.

"पोरी, आत्ताच घट बसलेत. नऊ दिस दिवा इझू देत न्हाई आपन. अन् तू हात जोडल्या जोडल्या मशीन इझवती व्हय?"

"अण्णा, बंद करूनच बघावं लागतं. नाहीतर कळणार कसं?"

"तिन्ही दिवे हिरवे हायेत की. दसरा झाला की बघ."

सुकन्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या चेहऱ्याकडे. वासरं गेल्यापासून तो चेहरा पहिल्यांदा खुलला होता. त्यावर पाणी टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिने वायर सोडून दिली आणि प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं.

खंडेनवमीला आम्हाला पुन्हा माळा पडल्या. दसऱ्याला कचेरीचं काम निघालं. मग दिवाळी आली. राहिलेली तपासणी सुकन्याच्या मनात होती, पण दिवे रोज हिरवे दिसत, आणि हिरवा दिवा दिसला की माणूस निवांत होतो.

आमचं कौतुकही उदंड झालं. थोरल्याने एका संध्याकाळी पहिला बिबट्या ओळखला, भोंगा वाजला आणि जनावर उसात पसार झालं. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं आम्हाला बघायला आली. तुमच्याएवढीच होती ती. अण्णा पाहुण्यांना हाताला धरून आणायचे आणि आमचे हिरवे दिवे दाखवायचे, जणू तीन लेकांचे निकालच दाखवताहेत. पण कौतुकाला काळजीची जोड नव्हती. खोली डेअरीची होती, त्यामुळे पेंडीची पोती आमच्यापुढे येऊन पडू लागली. थोरल्याच्या पंख्यात भुसा साठत गेला. तो धापा टाकायचा, आणि दिवा मात्र हिरवाच.

दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या आल्या. पाथर्डीकडची एक टोळी आमच्या वाडीशेजारी उतरली. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या. त्यांतल्या कडेच्या कोपीत कानिफनाथ आणि त्याची बायको रंगुबाई राहत. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. दोघांनी मिळून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. एकाचा हात थांबला की कोयताच मोडला म्हणायचा.

या टोळीची एक रीत होती. दिवस कलला की कोणीतरी एक जण बैलांच्या टायरगाडीवर चढून स्टीलची थाळी बडवत बसे. सगळी जनावरं बांधून होईपर्यंत थाळी थांबत नसे. त्या आवाजाला बिबट्या जवळ फिरकत नाही, असा त्यांचा अनुभव. रंगुबाईची पाळी असली की थाळी अशी वाजे की खांबावरच्या कॅमेऱ्यातून मीही ऐकत राही.

अण्णा मोठ्या मनाचे. त्यांना वाटलं, दिवसभर उसात वाकून आलेली ही माणसं, त्यांनी आणखी थाळ्या का बडवाव्यात? ते स्वतः कोप्यांवर गेले आणि आता हे बंद करा म्हणाले, भोंगा आहे. रंगुबाईने त्यांना विचारलं, भोंगा झोपला तर काय करायचं? अण्णा हसले.

"तीन-तीन हायेत, बाई. एकाचा डोळा लागला तर दोघं जागी. मी सांगतो न्हवं का?"

चेअरमनने सांगितलं, त्यांनी ऐकलं. थाळी चुलीपुढे भाकरी ठेवायला गेली.

मग ती संध्याकाळ आली. थंडी पडली होती आणि डेअरीत दुधाची गर्दी होती. त्याच दुपारी पेंडीची गाडी खाली झाली होती आणि पोती थोरल्याच्या अंगाला टेकवून रचली होती. थोरला तापला, तापत गेला आणि गपकन बंद पडला. पोत्यांमागचा विझलेला दिवा कोणालाच दिसला नाही.

सुकन्याने शिकवलं होतं तसंच सगळं घडलं. थोडा वेळ गेला आणि थोरल्याचे डबे माझ्याकडे आले. मी ते उचलले. मला अभिमानही वाटला, की बघा, आपण उपयोगी पडलो. कॅमेऱ्यातलं चित्र माझ्यापुढे उघडलं. कोप्यांच्या कडेला रंगुबाई शेळी आत बांधायला सोडत होती आणि तिच्या पाठीमागच्या सरीत काहीतरी पोट जमिनीला लावून सरकत होतं. मी त्याला ओळखलं. मी भोंग्याला हुकूम सोडला.

भोंगा वाजला नाही.

मी पुन्हा सोडला, पुन्हा पुन्हा सोडला. टाकीवरचा भोंगा ढिम्म. तो चालू करणाऱ्या पेटीला एकट्या थोरल्याची ओळख करून दिलेली होती. माझा हुकूम तिला परक्याचा वाटला आणि तिने तो दारातच अडवला. बसवताना त्या पेटीत लिहायची राहून गेलेली ती एक ओळ होती. मला दिसत होतं, कळत होतं, आणि मला आवाज नव्हता. यापरतं दुःख कुठल्या यंत्राच्या वाट्याला येऊ नये.

बिबट्या शेळीवर झेपावला. रंगुबाईने शेळीचं दावं सोडलं नाही आणि पंजा तिच्या उजव्या हातावर बसला. कानिफनाथ चुलीतलं जळतं लाकूड घेऊन ओरडत धावला. जनावर उसात गेलं. शेळी वाचली. रंगुबाईला टेम्पोत घालून नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

सुकन्या धावत खोलीत आली. तिने पोती ओढून बाजूला केली, थोरल्याला साफ करून जागा केला, आणि तो नीट चालू लागल्यावर घटस्थापनेला राहिलेली गोष्ट केली. तिने त्याची वायर उपटली, माझ्याकडून भोंग्याला हुकूम सोडला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. टाकीवरून काहीच आवाज आला नाही.  मग तिने ती राहिलेली ओळ लिहिली. कपभर चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली होती. एवढंच काम होतं ते, मित्रांनो.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी हात धरला तुझा," ते म्हणाले.

"दसऱ्यानंतर कुणी धरला होता, अण्णा?"

 दुधाची गाडी बाहेर हॉर्न देत राहिली आणि कोणी उठलं नाही.

रंगुबाई परत आली तेव्हा तिच्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी होती. जखम भरेल, पण मूठ वळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती कानिफनाथबरोबर थेट आमच्या खोलीत आली. आम्हाला तिने पहिल्यांदाच जवळून पाहिलं. आमचे दिवे हिरवे होते. मला ते झाकून घ्यावेसे वाटले.

"भोंगा का न्हाई वाजला, ताई?" तिने विचारलं.

मशीन बिघडलं होतं, असं सुकन्या सांगू शकली असती. ते खोटंही ठरलं नसतं. पण ती खाली मान घालून म्हणाली, "एक बंद पडल्यावर बाकीचे भोंगा वाजवतात का, ते मी बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही."

रंगुबाईने पट्टीचा हात आमच्या फळीवर टेकवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"मग आमची थाळी तरी वाजू द्यायची हुती," ती म्हणाली.

त्या हंगामात त्यांचा कोयता मोडला. टोळी पुढच्या उसाच्या फडावर गेली आणि ती दोघं शेळी घेऊन गावी परतली. थोरला उन्हाळ्यात कायमचा बसला. धाकट्याला शाळेने नेलं. दोन नवे संगणक आले आणि जुन्यांपैकी मी तेवढा उरलो.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी फळीवर पुन्हा माळा आल्या. पण अण्णांनी ताट खाली ठेवलं आणि पुतणीला म्हणाले, आधी तुझं होऊ दे, मग देवाचं. सुकन्याने माझ्याकडे बोट दाखवलं. थोरल्याचं काम आता माझ्याकडे होतं, म्हणून सगळ्यात आधी बंद करून बघायचा तो मी होतो. माझी वायर उपटायला तिने कोणाला बोलावलं असेल? रंगुबाईला. मूठ वळत नव्हती, म्हणून त्या वर्षी कोयता नाही. कानिफनाथने टोळीतल्या गाडीवानाचं काम धरलं होतं आणि ती टोळीच्या भाकऱ्या थापायला आली होती; त्या वर्षी टोळी घटस्थापनेआधीच उतरली होती. तिने डाव्या हाताने माझी वायर धरली आणि ओढली.

आता गंमत बघा. ज्या भोंग्यासाठी मी वर्षभर झुरलो, तो वाजला की नाही, हे मला कळलंच नाही, कारण मी बंद होतो. जाग आली तेव्हा अण्णांचे दोन्ही हात कानांवर होते आणि सुकन्या डोळे पुसत होती. त्यावरून मी काय ते समजलो. मगच नारळ फुटला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हार घाला, आम्हाला तो आवडतो. पण आमच्या हिरव्या दिव्यावर विसंबून तुमची थाळी चुलीपुढे ठेवू नका. आम्ही पडल्यावर काय होतं, ते आम्ही उभे असतानाच बघून घ्या. आम्हाला विझवल्याने आमचा अपमान होत नाही. सुकन्या हल्ली दर अमावस्येला आमच्यातल्या एकाची वायर ओढते, आणि त्या दिवसाची आठवण अण्णाच करून देतात. माझ्या कपाळावरचा डाग मात्र राहिलेल्या तपासणीची खूण म्हणून ती पुसत नाही.

अण्णांनी कोप्यांवर एक नवी थाळी नेऊन दिली आहे. भोंगा आता तिघांचंही ऐकतो, तरी दिवस कलला की रंगुबाई टायरगाडीवर चढते आणि सगळी जनावरं बांधून होईपर्यंत ती थाळी वाजवते. डाव्या हाताचा ठोका अजून जरा चुकतो. खांबावरच्या कॅमेऱ्यातून मी तो रोज ऐकतो, आणि तिचा आमच्यावर विश्वास नाही याचं मला वाईट वाटत नाही.