हातातली घुरघुर

चार वर्षं सोजरबाई सकाळी उठल्या की आधी डावा हात कानाशी धरत. मनगटाजवळ डॉक्टरांनी धमनी शिरेला जोडून दिली होती आणि डायलिसिसच्या सुया आठवड्यातून तीनदा त्याच शिरेत जात. आत मांजर बसल्यासारखी घुरघुर चाले. ती आहे तोवर काळजी नाही, असं त्यांना शिकवलेलं होतं.

नात शेफालीचं लग्न परवावर आलं आणि चुडा भरायला कासारीण आली. "आजी, सवाष्णीनं हात रिकामा ठेवू नये," म्हणाली. शेफालीनंही लाडानं हात पुढं केला आजीचा. डाव्या हातात बांगडी न घालण्याचा नेम मोडला. सात बांगड्या, चांगल्या घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुरघुर नव्हती. बोटाला नुसते ठोके लागत होते, धप धप.

साबण लावून बांगड्या काढल्या. मुलगा विक्रम शेफालीवर खेकसला, "तुझ्या चुड्यानं आईचा हात घालवला!" पोरगी मेंदीच्या हातांनी रडत बसली. विक्रमनं आईवडिलांना गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर कल्याणींनी हात चाचपला. "आज शीर मोकळी करायला हवी. गुठळी होऊन बंद पडली तर मानेत नळी घालावी लागेल. नवी जोडणी तयार व्हायला महिने जातात."

सोजरबाईंनी मान हलवली, पण डोकं दुसरीकडेच चालत होतं.

"बाई, एक विचारू? बांगड्यांनी दाबलं असतं तर हात गप पडला असता ना? हे तर जोरात आदळतंय. पुढं अडलंय कुठंतरी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"उसाला दारं धरलीत की जन्मभर, आमच्या मांजरी गावात. आता तिथं बिल्डिंगी झाल्यात. पाटात पुढं गवताचा बोळा अडकला, की पाणी मागं बांधावर असंच थडाथडा आदळायचं."

डॉक्टर हसल्या. "बघूया, तुमचा बोळा कुठं आहे ते."

हात बधिर केला, शिरेत औषध सोडलं. पडद्यावर काळा पाट मनगटाकडून वर चढत गेला आणि कोपराच्या वर एकदम सुतासारखा बारीक झाला. सोजरबाई दुखणं विसरून मान उंचावून बघत राहिल्या. तारेवरून एक इवलासा फुगा तिथं नेला, फुगवला. मधोमध डमरूसारखी चिमटलेली कंबर, मग हळूहळू तीही सपाट. पाट भरून वाहू लागला.

"शीर काही महिन्यांपासून अरुंद होत आली आहे," डॉक्टर विक्रमला म्हणाल्या. "बांगड्यांनी झालेलं नाही. तरी या हातात पुन्हा घालायच्या नाहीत."

विक्रम खाली बघत राहिला.

"खाली काय बघतोस? शेफालीला फोन लाव," सोजरबाई म्हणाल्या. "आधी तू माफी माग."

सोजरबाईंचे मालक दत्तोबा दाराशी उभे होते. चार वर्षांत त्यांनी त्या हाताला बोट लावलं नव्हतं.

"या, हात लावा की."

"नको गं. काय तुटलं-बिटलं म्हंजे?"

"लावा म्हणते ना!"

दत्तोबांनी नव्या वासराच्या पाठीवर ठेवावीत तशी दोन बोटं ठेवली. ठेवली ती उचललीच नाहीत.

"आयला! रोज असंच चालतं हे?"

"रोज," सोजरबाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांकडे वळल्या. "बाई, खांद्याच्या पुढं कुठं जातं हे पाणी? तेवढं दाखवायचं राहिलं."