महानंदाच्या कोंबड्या

“पांढऱ्याच घ्या मावशी. सरकारी जात हाय, रोज अंडं देती,” उदगीरच्या बाजारात कोंबडीवाला सांगत होता.

गंगम्मा नाकाला पदर लावून उभी होती. लिंगायताच्या घरातली बाई. कोंबडीला तिनं जन्मात हात लावला नव्हता. पण लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या लेकीची, महानंदाची छाती तपासली आणि म्हणाले, पोरीला अंडी द्या. क्षयानं पार झिजली होती ती. सासरच्यांनी माहेरी आणून घातली, ती परत न्यायचं नावच काढलं नाही.

निघताना महानंदा बाजेवरून म्हणाली होती, “अव्वा, एका रंगाच्या नको आणू. अंगणात बघायला काईच न्हाई राहिलं.”

खरंच होतं. दुष्काळानं जास्वंद गेली, शेवगा गेला. नुसती माती उरली होती.

“पांढरी एकच द्या,” गंगम्मा म्हणाली. “ती तांबडी. ती काळी, हिरवी झाक मारती ती. अन् ती ठिपक्यांची.”

“ठिपक्यांची म्हातारी हाय की, आक्का,” सोबत आलेली शेजारीण साखराबाई कुजबुजली. तिच्या घरी कोंबड्या होत्या, तिला त्यातलं कळायचं. “अंडं न्हाई द्यायची.”

“असू दे.”

कोंबड्या घरी आल्या तसा दीर चन्नबसप्पा दारातूनच ओरडला, “आपल्या अंगणात कोंबड्या? ह्या घरचं पाणी न्हाई पिणार मी!” तो यायचा बंद झाला.

महानंदानं पहिलं अंडं डोळे मिटून गिळलं. नंतर खाऊ लागली. दिवसभर कुशीवर पडून ती कोंबड्यांकडे बघत राही. एकदा काळीनं पांढरीला अंगणभर पळवलं, तेव्हा खुदकन हसलीसुद्धा. टँकरच्या पाण्यातलं आपल्या वाट्याचं गंगम्मा कोंबड्यांना ठेवी.

चैत्रात, भर दुपारी, अंगणाकडे तोंड करूनच महानंदा गेली.

तिसऱ्या दिवशी दीर दारात येऊन म्हणाला, “आता तरी त्या काढा, वैनी. जंगमाला बोलवून घर शुद्ध करून घेऊ.”

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. गंगम्मा कोंबड्यांची टोपली घेऊन साखराबाईकडे गेली.

“एखादी ठिवा की, आक्का,” साखराबाई म्हणाली. “तिची आवडती कोणती होती?”

गंगम्मानं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला. दुखतं का, तहान लागली का, गोळी घेतली का, पोरीला सगळं विचारलं होतं तिनं. हे तेवढं राहून गेलं होतं.

“ठावं न्हाई गं,” ती म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.