कुठला कबूद

सलोमत-आपाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहायला बरेचदा बसलो, पण एकही कागद पाकिटापर्यंत पोचला नाही. पत्र आलं तेव्हा अंगणात जर्दाळू पिकून गळत होते. आता शरद लागून खुर्म्याच्या झाडाची पानं लाल व्हायला लागली होती आणि पत्र अजून माझ्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं. घडीवर फाटायला आलं होतं.

पत्र काही अवघड नव्हतं. आपा बोलते तशीच लिहिते. वयाने मोठी म्हणून मी तिला आपा म्हणतो, आणि ती मला उका, म्हणजे धाकटा भाऊ.

'निझोम, उका, बरा आहेस ना? दुशान्बेत मुलाकडे सगळं ठीक आहे, फक्त खिडकीतून नदी दिसत नाही. म्हणून ती आठवून काढते आहे. आपलीच सीर, पुलाखालची. चित्र अर्ध्यावर आलंय. उजवा डोळा गेलाच, डाव्याचं ऑपरेशन बर्फ पडायच्या सुमाराला करू म्हणतात. पुढे काय दिसेल ते खुदा जाणे. त्याआधी चित्र संपवायचंय. तुमच्याकडचा कबूद संपत आला. जपून जपून वापरते. इथल्या बाजारात मिळतो तो विकणाऱ्यालाच फेकून मारावा असा. थोडा पाठव, म्हणजे माझं बसणं होईल. मातलुबाला सलाम.'

एवढंच. आणि त्यातल्या एका शब्दावर मी अडकलो होतो.

आमच्या ताजिक बोलीत आभाळ कबूद, आणि कोथिंबिरीची जुडीही कबूद. निळ्यालाही तोच शब्द, हिरव्यालाही तोच. कोणाचं काही अडत नाही. समोर वस्तू असते, माणूस बोट दाखवतो. पण दुशान्बेहून बोट कसं दाखवणार?

विचारायचं होतं, दुसरं काय, असं कोणीही म्हणेल. माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. मोठमोठ्या लेखकांच्या शब्दाशेजारी, समासात, मी बेधडक प्रश्नचिन्ह टाकायचो. कागदाला विचारायला मी भीत नाही, माणसाला भितो. आणि आपाला तर मी कधी काही विचारलंच नव्हतं. दुकानात रंगाच्या मऊ कांड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा एका जुन्या पुस्तकात वाचून मी तिच्यासाठी त्या घरी करू लागलो. ती कला विद्यालयात शिकवायची. संध्याकाळी येऊन अंगणातल्या तख्तावर बसायची आणि म्हणायची, "ढगाच्या पोटातला दे," किंवा "शिळ्या नानच्या पापुद्र्याचा दे." मी द्यायचो. एकदा हात झटकत म्हणाली होती, "तू बरा. तू विचारत नाहीस." मला स्वतःला चित्र काढता येत नाही. बोलता तर त्याहून येत नाही. आयुष्यात एका माणसाचं अर्धं वाक्य मला पुरतं कळत होतं, ही माझी सगळी कमाई. आता तीच मी कशी घालवू?

आणि शिवाय अंझोबचा घाट. तो बर्फाने बंद झाला की आमच्या खुजंदहून तिकडे वसंतापर्यंत पार्सल जात नाही.

मी निळ्यापासून सुरुवात केली. नदी आहे, तर निळाच असणार. भिंतींच्या चुन्यात घालायची नीळ आणली. त्या निळीत सोडा असतो; तो धुऊन काढावा लागतो, नाहीतर वाळल्यावर कांडीवर पांढरा घाम फुटतो. पाणी घालायचं, नीळ तळाला बसू द्यायची, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा घालायचं. बसायला ती तिचा वेळ घेते. मी दर थोड्या वेळाने उठून भांड्यात डोकावत होतो, त्यामुळे ती आणखीच ढवळली जात होती.

"अहो, त्या भांड्यात मासा सोडलाय का?" माझी बायको मातलुबा म्हणाली. ती नानचं पीठ मळत होती. "बसा की एका जागी. तुमच्या चपलांच्या आवाजाने माझं पीठ फुगत नाहीये."

कतीरा डिंक आदल्या दिवशी भिजत घातला होता. या कामात खरी गोम डिंकातच आहे. फुगलेल्या डिंकाचं पहिलं पाणी कडक. उरलेल्यात पुन्हा पाणी घालून दुसरं काढायचं, त्यात पुन्हा घालून तिसरं. तिसरं इतकं पातळ की बोटांना चिकटतही नाही. प्रत्येक रंगाला त्याच्या स्वभावाचं पाणी लागतं. डिंक जास्त झाला तर कांडी दगड होते, कागदावर रंग न सोडता ओरखडा काढते. कमी झाला तर हातातच पीठ. कांडीने मोडायला नको आणि धरूनही ठेवायला नको. हे मधलं काहीतरी साधावं लागतं.

मला ते माहीत आहे. तरी त्या दिवशी मी पहिलं पाणी घातलं. का घातलं ते सांगता येणार नाही. बहुधा कांडी वाटेत मोडेल अशी भीती वाटली असेल. काचेच्या फरशीवर नीळ आणि खडूची भुकटी घोटली, गोळा केला, टीपकागदावर दाबून पाणी शोषवलं, फळीखाली हलके वळून कांड्या केल्या. सावलीत वाळल्यावर त्या दिसायला इतक्या देखण्या होत्या की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कागदावर ओढली तर खर्र.

कुटून भुगा केला. नुसत्या पाण्यात पुन्हा घोटला, थोडा खडू वाढवला. दुसऱ्या खेपेला कांड्या बऱ्या उतरल्या. रेघ ओढली, बोटाने पसरली. निळी, मखमली, आमच्या छतावरच्या आभाळासारखी. पण मनाला समाधान नाही. मी उठून पुलापर्यंत चालत गेलो. पाणी पाहिलं. शरदात डोंगराची माती खाली बसते आणि आमची नदी, सीर दर्या, हिरवी होते. नखशिखांत हिरवी. जन्म या काठावर गेला आणि मी नीळ धूत बसलो होतो!

तसाच बाजारात गेलो, रंगवाल्या यूनुसकडे. तो दारं-खिडक्यांचे रंग विकतो, आणि त्याच्याकडे जुन्या साठ्यातल्या सुक्या रंगांच्या पुड्या असतात.

"सलाम, मुअल्लिम," तो म्हणाला. मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला तो मास्तर म्हणतो. "दार रंगवायचंय की दाढी?"

"थोडा कबूद दे."

"कुठला कबूद? आभाळाचा की गवताचा?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"काय झालं? विचारलं म्हणून राग आला का?"

"नाही. तू... विचारलंस कसं?"

"तोंडाने," यूनुस म्हणाला. शेजारच्या मसालेवाल्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. "न विचारता दिलं असतं, तर घरी जाऊन शिव्या घातल्या असत्यात ना मला? बोला, कुठला?"

"गवताचा," मी म्हणालो, आणि पुडी घेऊन जवळजवळ पळालो.

हिरवा पहिल्याच खेपेला जमला. तिसरं पाणी पुरलं. असं कधी होत नाही. आणि जमला म्हणून माझी आणखीच पंचाईत झाली. निळा ठेवलाय, हिरवा ठेवलाय, दोन्ही चांगले, दोन्ही माझ्याकडे टकामका बघताहेत. मी कागदावर एकाशेजारी एक रेघा ओढल्या. मग एकावर एक ओढल्या. मग दोन्ही एकत्र घोटून मधला एक करावा असं मनात आलं, आणि लगेच वाटलं की हे तर न्यायाधीशाने मूल अर्धं कापायला काढल्यासारखं झालं. उत्तर लिहायला बसलो. 'प्रिय आपा' लिहिलं. खोडलं. नुसतं 'आपा' लिहिलं. उठलो. अंगणातल्या वेलीची वाळकी पानं काढू लागलो. जेवताना ओशचा, म्हणजे पुलावाचा, घास हातात धरून कुठेतरी बघत राहिलो.

"पुरे!" मातलुबाने चहाची किटली, चायनिक, तख्तावर आदळली. कबूद चहाचे शिंतोडे जेवणाखाली अंथरलेल्या दस्तरखानावर उडाले. "जर्दाळूपासून बघतेय. आजारी आहात का? का त्या छापखान्यातल्या पोरीने पत्र पाठवलंय?"

"छापखान्यातली पोर आता पणजी झाली असेल. आपाचं पत्र आहे."

"मग वाचा की. मला सलाम लिहिला असेल, तोही तुम्ही खिशात ठेवलात."

मी वाचलं. ती पियाला हातात धरून ऐकत होती. 'फेकून मारावा असा' इथे हसली. 'म्हणजे माझं बसणं होईल' इथपर्यंत आलो, आणि तिने कपाळाला हात लावला.

"अहो, ती चहा मागतेय!"

"काय?"

"चहा! हा!" तिने पियाला माझ्या नाकाखाली धरला. "हा काय लाल आहे? हिरव्या चहालाही कबूदच म्हणतात ना? निघताना चहाचा पुडा कोणी दिला होता तिला? मी."

"आणि कांड्यांची पेटी कोणी दिली होती? मी."

"चहा प्याल्याशिवाय ती कधी चित्राला बसायची का? दोन पियाले होईपर्यंत हातात कांडी धरायची नाही. 'माझं बसणं होईल' म्हणजे काय मग?"

हे खरं होतं. मी महिनोन् महिने नीळ धूत होतो आणि बाई चहा मागत होती. मग म्हटलं, "पण चित्राबद्दलच लिहिलंय सगळं. मधेच चहा कुठून येईल?"

मातलुबाने पत्र माझ्या हातातून घेतलं. ओठ हलवत हलवत पुन्हा वाचलं. "चित्राबद्दल आहे खरं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण 'तुमच्याकडचा' लिहिलंय, 'तुझ्याकडचा' नाही. म्हणजे मीसुद्धा आले त्यात."

"ती सगळ्या घरालाच तुमच्याकडचं म्हणते."

"तेही खरं."

आम्ही दोघं पत्राकडे बघत बसलो. आधी कबूद दोन होते, आता तीन झाले. वारा सुटला होता; मी उठून दार लावलं, परत उघडलं. शेजारच्या बसवाल्याने सकाळीच सांगितलं होतं की घाटात वर पांढरं दिसतंय.

"तिन्ही पाठवा आणि मोकळे व्हा," मातलुबा म्हणाली. "निळ्या, हिरव्या आणि चहा. वजन कितीसं होणार?"

"तिन्ही पाठवले तर तिला कळेल."

"काय कळेल?"

"की मला कळलं नाही."

"मग? नाहीच कळलं तुम्हाला."

मातलुबा दस्तरखानावरचे शिंतोडे ओढणीच्या टोकाने पुसत होती. वर न बघता म्हणाली, "आणि काहीच आलं नाही तर तिला काय कळेल? उन्हाळ्यात पत्र टाकलंय बाईने. एक डोळा गेलेला. रोज मुलाला विचारत असेल, टपाल आलं का म्हणून. तुम्हाला अर्धं वाक्य कळतं म्हणे. हे कळतंय का?"

एवढं लागेल असं ती सहसा बोलत नाही. मी माळ्यावरून लाकडी खोकं काढलं.

तळाशी भाताचा कोंडा पसरला. मोजून मापून नाही, हाताला आल्या तशा कांड्या आडव्या ठेवल्या, एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे कोंडा भरला. एक हिरवी ठेवताना मोडली. पूर्वी मी ती काढून पुन्हा वळली असती. या खेपेला दोन्ही तुकडे ठेवून दिले. मोडली तरी रंग तोच उतरतो. चहा मातलुबाने बाजारातून नवा आणला आणि पत्र्याच्या डब्यात घालून डब्याचं तोंड मेणाने बंद केलं, कांड्यांना वास लागू नये आणि चहाला धूळ लागू नये म्हणून. मग जुन्या चादरीचं कापड घेऊन ती खोक्याभोवती शिवायला बसली.

"पत्र घालायचं असेल तर आत्ताच," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. "एकदा टाका घातला की मी उसवणार नाही."

मी गुडघ्यावर पाटी घेतली. खूप काही लिहावंसं वाटत होतं: की उशीर झाला, की मला लाज वाटते, की नदी आता हिरवी आहे पण तू गेलीस तेव्हा कशी होती ते मला आठवत नाही. यातलं एकही वाक्य उभं राहीना. शेवटी लिहिलं:

'आपा, मला कळलं नाही. कुठला कबूद? निळा आहे, हिरवा आहे, आणि मातलुबा म्हणते चहा. जो हवा होता तो वापर. जे चुकलं ते घरातल्या मुलांना दे. निझोम.'

वाचून पाहिलं. समासात काही लिहावं का, असा विचार आला. तेवढ्यात मातलुबाने कागद ओढून घेतला, घडी घालून आत सरकवला आणि टाका घातला.

टपालकचेरीत लांब रांग होती. घाट बंद होणार म्हटल्यावर सगळ्या खुजंदला आपले दुशान्बेतले नातेवाईक एकदम आठवले होते. कोणी सुकवलेल्या खरबुजाच्या वेण्या आणल्या होत्या, कोणी डाळिंबं. मी दोनदा रांग सोडून बाहेर जाऊन आलो आणि दोन्ही वेळा माझ्या पुढे एक एक बाई घुसली. खिडकीतल्या पोरीने खोकं काट्यावर ठेवलं, शिवण बोटाने तपासली.

"फुटण्यासारखं काही आहे?"

"आहे," मी म्हणालो. "पण फुटलं तरी चालेल."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि शिक्का मारला. खोकं मागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं, त्याने ते गाडीच्या बाजूच्या ढिगावर ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही, एवढं मी पाहिलं. मी तिथेच उभा होतो.

"अजून काही?"

"ते... परत मिळेल का? फक्त एक ओळ बदलायची होती."

"अमाक, अहो काका, गाडी लागलीये," ती म्हणाली. "गेलं ते गेलं. चला, पुढचे कोण?"