दहा पायांचा पक्षी

पोळा नुकताच होऊन गेला होता. मोताळ्याजवळच्या त्या गावतळ्यात कमळाची पानं अशी दाटली होती की पाणी मधूनच कुठंतरी चमकायचं. शाळेत शिकवून घरी आलं की पूनम कॅमेरा उचलून थेट तळ्यावर यायची, आणि सोबत तिची सासू. गीताबाईंना पाखरांचं काही वेड नव्हतं. सून एकटी तळ्यावर बसते हे बरं दिसत नाही, म्हणून त्या यायच्या आणि पाळीवर बसून शेंगा सोलायच्या.

गेले काही दिवस पूनम एका कमळपक्ष्याच्या मागे लागली होती. तपकिरी पंखांचा नर लांबलांब बोटं टाकत पानांवरून चालायचा, आणि मागून कापसाच्या बोंडाएवढी चार पिल्लं.

"आई कुठी हाय त्याहीची?" गीताबाईंनी विचारलं.

"ती अंडे देऊन निघून जाते, आत्याबाई. सारं बापच पाहते."

"माय वो! असा नवरा मानसात काऊन नाही भेटत?"

दोघी हसल्या. तेवढ्यात वाऱ्यानं काठावरच्या बेशरमीच्या झुडपाची एक फांदी लेन्सच्या आड डोलू लागली. पूनम वैतागून उठली.

"आत्याबाई, एवढा कॅमेरा धरा. बटनाले हात नका लावू. फांदी मोडून आलीच मी."

ती उतरली आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली. एक पाय काढावा तर दुसरा आत. नेमकी त्याच वेळी पाण्यावरून सावली सरकली.

"पूनम! घार व घार!"

नर चिरकला. पानावर खाली बसला, पंख जरा उचलले, आणि पिल्लं धावत येऊन दिसेनाशीच झाली. घार एकदम खाली आली. गीताबाईंच्या तोंडून "गेले वो लेकरं!" निघालं. पण नर उठून उभा राहिला आणि तुरुतुरु पळत सुटला. त्याच्या पंखांखालून बारीक बारीक पाय लोंबत होते. पायच पाय!

"दाबा! आत्याबाई, बटन दाबा!"

"तूच म्हनली हात नोको लावू!"

"आता दाबा!"

गीताबाईंनी दारावरची बेल दाबावी तसं बटन दाबलं, ते सोडलंच नाही. खटखटखट! घार रिकामीच वर गेली, पक्षी लव्हाळ्यात शिरला, तरी बोट बटनावरच.

पूनम एक चप्पल चिखलात सोडून धावत वर आली. हात ओढणीला पुसले. पहिल्या फोटोत आभाळ. मग पुन्हा आभाळ. मग तिचंच डोकं. अर्धी घार. आणि मग तो! मान ताणलेला, डोळ्यातलं पाणी चमकणारा, स्वतःचे दोन अन् पिल्लांचे आठ पाय घेऊन पळणारा.

पूनम इतक्या जोरात ओरडली की पलीकडची बदकं उडाली. तिनं सासूला मिठी मारली. साडी चिखलाची झाली तरी गीताबाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

घरी पूनमच्या नवऱ्यानं, गोकुळनं, फोटो निरखून पाहिला. "काहीतरी बिघडलं हाय व. एका पाखराले इतके पाय?"

"तुह्या डोयात बिघाड हाय!" गीताबाई कडाडल्या. "बाप हाय तो. लेकरं काखेत घेऊन पयून राह्यला."

मग त्यांनी मलकापूरला बहिणीला फोन लावला. "बनाबाई, बस आधी खाली. आज मी फोटो काढला. आता आयक, घार आली ना..."